दोन हजारांत घरघर!

पुण्याहून वलगावला सुट्टीवर गेलो आणि सकाळी इलेक्ट्रिक टूथब्रश सुरू केला. ओसरीवरून पप्पा ओरडले, ‘काय घरघरते रे बाप्पा?’ गाडगेबाबांनी १९५६ साली वलगावजवळच देह ठेवला. हातात खराटा घेऊन गावं झाडणाऱ्या संताच्या या गावात दात घासायला मशीन! पण आईनं तो हातात धरून पाहिला. सांधे आखडल्यानं तिची बोटं साधा ब्रश नीट फिरवू शकत नाहीत. ठरलं, आईसाठी घ्यायचा. बजेट दोन हजार.

फंडा नंबर एक : हँडलची नाही, हेडची किंमत आधी बघा. हेड साधारण तीन महिन्यांनी बदलायचं, म्हणजे वर्षाला चार. ते अमरावतीत मिळतं का, वलगावच्या पिनकोडवर पोचतं का? नाही, तर वर्षभरात ब्रशचा शोपीस!

फंडा नंबर दोन : सॉफ्ट ब्रिसल्स, रिचार्जेबल बॅटरी आणि दर ३० सेकंदांनी इशारा देणारा दोन मिनिटांचा टायमर हवाच. बजेटमध्ये बसला तर प्रेशर सेन्सरही. जास्त दाबून घासलं की हिरड्या दुखावतात. गोल फिरणारा की सोनिक? दोन्ही चालतात. ब्लूटूथ, ॲप, पाच-सहा मोड? विसरा.

आणि खर्रा खाणाऱ्या दोस्तांनो, तोंड पूर्ण उघडत नसेल तर ब्रश नको, थेट डेंटिस्ट गाठा.

आईचा ब्रश आला. आठवड्यानं पप्पांचा फोन : ‘त्याचं आणखी एक डोकं मिळते का रे?’