एवढ्याशा जिवाला घर केवढं?

'एवढासा तर जीव, त्याला जागा ती किती लागणार?' हे वाक्य मला आता पाठ झालंय. गिनीपिग पाळलेल्या घरी गेलं की ते कुणाच्या तरी तोंडून येतंच. अगदी अलीकडे ते ऐकलं आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. सातवीतल्या मुलाला वाढदिवसाला गिनीपिगची जोडी मिळाली होती. पिंजरा दोन फूट बाय दीड फूट, तळाला तारेची जाळी, जाळीखाली लेंड्या पडायला ट्रे. 'काकू, दुकानवाले काका म्हणाले, दोघांना आरामात पुरेल,' तो म्हणाला. मुलाची चूक नाही, त्याच्या आईचीही नाही. त्यांनी विचारलं आणि त्यांना चुकीचं सांगितलं गेलं. माझा राग आहे तो त्या वाक्यावर. कारण गिनीपिगच्या हालअपेष्टांपैकी निम्म्या तरी त्या एका वाक्यातून सुरू होतात.

आधी टेप घेऊन मोजू. पूर्ण वाढलेला गिनीपिग २० ते २५ सेंटिमीटर लांब असतो आणि त्याचं वजन साधारण ७०० ग्रॅम ते सव्वा किलो भरतं. दुकानात दिसतं ते पिल्लू, घरी राहतो तो हा. दोन बाय दीडचा पिंजरा म्हणजे तीन चौरस फूट. त्यात गवत, खाण्याची वाटी आणि लपायला एक खोकं ठेवलं की उरलेल्या जागेत प्राणी फक्त वळू शकतो. तेही दुसरा मध्ये बसलेला नसेल तर. अमेरिकेतील ह्युमेन सोसायटी एक किंवा दोन गिनीपिगसाठी किमान ७.५ चौरस फूट आणि शक्यतो १०.५ चौरस फूट जागा सुचवत आली आहे. म्हणजे आपल्या पिंजऱ्याच्या अडीच ते साडेतीन पट.

यावर लगेच उत्तर येतं, 'हे तिकडचे लाड.' तर मग तिकडचाच दुसरा आकडा ऐका. प्रयोगशाळेत ठेवलेल्या, ३५० ग्रॅमपेक्षा जास्त वजनाच्या गिनीपिगला अमेरिकेच्या सरकारी नियमानुसार किमान १०१ चौरस इंच जागा द्यावी लागते. चौरस फुटांत ती जेमतेम ०.७ भरते. लहान पिंजऱ्याला कुठे आधार शोधायचाच असेल तर तो इथे सापडेल, पण हे प्रयोगासाठी ठेवलेल्या जनावराचं किमान माप आहे. मुलं ज्याला नाव ठेवतात, मांडीवर घेतात, त्याच्या घराचं माप आपण तिथून आणायचं का? आणि आपल्याकडचा १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदाही याबाबत गप्प नाही. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यात ठेवणं हा त्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. तो दुकानदाराला लागू आहे तसाच घरच्या मालकालाही.

पण आकड्यांनी लोकांचं समाधान होत नाही, कारण डोळ्यांना वेगळंच दिसतं. 'अहो, तो तर शांत बसलेला असतो. त्याला पळायचंच नसतं.' या गैरसमजाचं मूळ इथे आहे. गिनीपिग हा शिकार होणारा प्राणी आहे. धोका वाटला, पळायला वाट नसली, की तो गोठल्यासारखा एका जागी बसतो. आपण त्या भीतीला शांत स्वभाव समजतो. त्याच प्राण्याला चार फूट लांब मोकळी जमीन, दोन लपणं आणि सोबती देऊन आठवडाभर थांबा. तो आधी भिंतीच्या कडेकडेने पळेल, मग मधून. आणि एक दिवस धावता धावता चारही पायांनी हवेत उडेल, अंगाला झटका देऊन. पाळणारे त्याला पॉपकॉर्निंग म्हणतात. ती आनंदाची उडी आहे. दोन बाय दीडच्या पिंजऱ्यात ती मारायला जागाच नसते, म्हणून तिथे ती दिसत नाही.

हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी त्याला काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवलं, तेही खाण्यासाठी. क्वेचुआ भाषेत त्याला 'कुय' म्हणतात. पेरू आणि बोलिव्हियातल्या शेतकऱ्यांच्या घरात हे कुय पिढ्यानपिढ्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर, चुलीच्या आसपास मोकळे फिरत आले आहेत. पुढेमागे ताटात येणाऱ्या जनावरालाही गरीब घराने आपली जमीन दिली होती. आपण मात्र हौसेने आणलेल्या प्राण्याला तारेवर उभं करतो.

या तारेबद्दल मला बोलायलाच हवं. आमच्या घरी आलेला पहिला गिनीपिग असाच जाळीच्या तळावर राहिला, 'घाण खाली पडते, स्वच्छ राहतं' या सल्ल्यावर विश्वास ठेवून. काही महिन्यांनी तो पाय उचलून बसायला लागला. तळवे लाल झाले, सुजले, मग त्यांना फोड आले. पशुवैद्यांनी सांगितलं, पोडोडर्मटायटिस, तळपायाचा दाह. गिनीपिगच्या तळव्यांवर केसांचं आवरण नसतं, तिथली कातडी नाजूक असते. कठीण किंवा तारेचा तळ, ओल, लठ्ठपणा आणि क जीवनसत्त्वाची कमतरता ही या दुखण्याची नेहमीची कारणं. पहिली तीन तर लहान पिंजऱ्यातच तयार होतात. ते पाय पूर्ण बरे झाले नाहीत. म्हणून आजही कुणाच्या घरी जाळीचा तळ दिसला की मी चहा बाजूला ठेवून आधी त्यावर काही अंथरायला सांगते.

'मग उंच पिंजरा घेऊ, तीन मजली.' नको. गिनीपिग खारीसारखा चढत नाही, मांजरासारखा उडी मारत नाही. त्याला जमीन लागते. अरुंद मजले आणि उभ्या शिड्या म्हणजे पडून पाय मोडण्याची सोय. मजल्यांच्या जागेची बेरीज करून चौरस फूट मोजायचे नाहीत. सलग तळ किती, तेवढंच मोजायचं.

आता जागेचा आणि पैशांचा प्रश्न. वन बीएचकेत चार माणसं राहतात तिथे हा प्रश्न खरा आहे, मी तो झटकून टाकत नाही. पण एक हिशोब करून बघा. सिंगल दिवाण सहा बाय तीनचा, म्हणजे १८ चौरस फूट. ७.५ चौरस फूट म्हणजे त्याच्या निम्म्याहूनही कमी. भिंतीलगतच्या अभ्यासाच्या टेबलाखालची जागा, खिडकीखालची पट्टी, बंद पडलेल्या शिलाई मशीनचा कोपरा, अशा ठिकाणी ते बसतं. आणि छापील खोक्यातून येणारा आकर्षक पिंजरा घेण्यापेक्षा हे घर स्वतः बांधणं बहुधा स्वस्त पडतं, कारण आपण त्यात छत, मजले आणि रंगीत प्लास्टिक यांचे पैसे भरत नाही.

भिंतीसाठी कपड्यांचे रॅक जोडायला मिळतात त्या १४ इंची चौकोनी जाळ्या घ्या. दोन बाय तीन जाळ्यांचा आयत केला की आत साधारण २७ बाय ४१ इंच जागा मिळते, ती ७.५ चौरस फुटांच्या आसपास भरते. दोन बाय चार केला तर २७ बाय ५६ इंच, म्हणजे १०.५. जाळीची भोकं दीड इंचाहून मोठी नकोत, पिल्लांची डोकी अडकतात. तळासाठी बॅनरवाल्यांकडची पोकळ रेघांची प्लास्टिक शीट, जिला ते सनपॅक म्हणतात. आयताच्या मापापेक्षा चारही बाजूंना सहा इंच जास्त घ्या, दुमडायच्या रेषेवर कटरने फक्त वरचा एक थर चिरा, कडा वर उभ्या करा आणि कोपरे बाहेरून टेपने चिकटवा. सहा इंच काठाचा हलका, धुता येणारा ट्रे तयार होतो. मोठ्या मापालाही ३९ बाय ६८ इंच शीट पुरते, म्हणजे आठ बाय चारच्या एका शीटमध्ये काम होतं. उघडी कड मात्र जाळीबाहेर राहील असं पाहा, आत राहिली तर ते कुरतडतील. जाळ्या न मिळाल्यास जुन्या कपाटाच्या फळ्या उभ्या करून चौकट केली तरी चालते. चौदा इंच उंची मोठ्या गिनीपिगला पुरते. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर वरून जाळीचं झाकण हवंच.

अंथरायला लोक हटकून सुताराकडचा भुसा आणतात, कारण तो फुकट मिळतो. त्यातली बारीक धूळ नाकात जाते, त्यात प्लायवुडचा गोंद आणि पॉलिश मिसळलेलं असतं. पाइन आणि देवदाराच्या कच्च्या लाकडातली वासाची द्रव्यं श्वसनाला त्रासदायक आहेत. त्यापेक्षा हिवाळ्यात रस्त्यावर मिळणारं पोलर फ्लीसचं स्वस्त ब्लँकेट घ्या. कंडिशनर न घालता दोन-तीनदा गरम पाण्यात धुतलं की ओल त्यातून खाली झिरपते आणि वरचा थर कोरडा राहतो. खाली शोषायला जुने टॉवेल किंवा विरलेली गोधडी. ती खालीच ठेवायची, कारण सुटलेल्या दोऱ्यांत नखं आणि बोटं अडकतात. लेंड्या रोज झाडायच्या, कापड तीन-चार दिवसांनी बदलायचं. ट्रेवर लघवीचे पांढरे डाग पडतात. ते कॅल्शियमचे असतात, व्हिनेगरने निघतात.

गिनीपिग खाता खाताच शी करतो. म्हणून गवताचा ढीग एका कोपऱ्यात आणि त्याखाली वेगळा ट्रे ठेवला की निम्मी सफाई तिथेच आटोपते. लपण प्रत्येकाला एक आणि प्रत्येक लपणाला दोन दारं. एकच दार असलं तर दांडगा दुबळ्याला आत कोंडतो. पुठ्ठ्याचं खोकं उत्तम, कुरतडून संपलं की दुसरं.

'गिनीपिगला वास येतो' हेही लहान पिंजऱ्याचंच दुखणं. तेवढीच लघवी तीन चौरस फुटांत साचली की अमोनियाचा दर्प येतो, दहा चौरस फुटांत कोरड्या कापडावर नाही. काचेच्या टाकीत तर हवाच खेळत नाही, तिथे ठेवूच नका.

'एकटा असला की माणसाला जास्त लळा लावतो.' तो कळपात राहणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडने तर २००८ पासून गिनीपिगला एकटं ठेवणं कायद्यानेच बंद केलं.

'जोडी' मात्र विचारून घ्या. दुकानात जोडी म्हणजे नर-मादी. मादी चार आठवड्यांची असतानाही गाभण राहू शकते, आणि सहा-सात महिन्यांनंतर पहिलं बाळंतपण झालं तर कटीची हाडं जुळलेली असल्याने ते जिवावर बेततं. दोन माद्या घ्याव्यात, किंवा नराची नसबंदी करावी.

'सशाबरोबर ठेवला तर चालतो.' सशाच्या लाथेने तो जखमी होतो. शिवाय सशाला त्रास न देणारा बोर्डेटेला जिवाणू गिनीपिगला न्यूमोनिया करतो.

'फिरतं चाक आणून द्या, व्यायाम होईल.' ते हॅमस्टरसाठी. गिनीपिगचा कणा तसा वाकत नाही.

'स्वतःची लेंडी खातो, शी!' खातो, आणि खायलाच हवी. आतड्यात तयार झालेली काही पोषणद्रव्यं तो अशीच परत मिळवतो.

'पेंढा म्हणजे गवतच ना?' भाताच्या पेंढ्यात पोषण फार कमी. टिमोथी गवत परवडत नसेल तर चांगलं वाळलेलं रानगवत आणि फवारणी नसलेल्या दूर्वा द्या. माणसाप्रमाणेच त्यालाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, म्हणून रोज ढोबळी मिरचीचा तुकडा हवा. नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी १९०७ मध्ये याच कमतरतेने होणाऱ्या स्कर्व्हीचा अभ्यास गिनीपिगवरच केला होता.

शेवटचा गैरसमज 'बाल्कनीत ठेवू, मोकळी हवा मिळेल' हा. मार्च उजाडला की मी याच्याच मागे लागते. गिनीपिगला १८ ते २४ अंश तापमान मानवतं. २७-२८ च्या पुढे, त्यातही मुंबईसारख्या दमट हवेत, उष्माघाताचा धोका वाढतो. त्याला घाम येत नाही, अंगावर दाट केस असतात, आणि बंद पिंजऱ्यात सावलीकडे सरकायलाही जागा नसते. बाल्कनीत मांजर येतं, तळमजल्यावर घूस येते. घर आतल्या, सर्वांत गार खोलीत हलवा. शहाबादी फरशीचा तुकडा आत ठेवला की ते आपणहून त्यावर पसरतात. गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका टोकाला ठेवा, म्हणजे गार वाटलं तर दूर जाण्याची सोय राहते. पंख्याचा झोत थेट अंगावर नको. गिनीपिग आडवा पडून धापा टाकत असेल, तोंडातून लाळ गळत असेल, तर बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. साध्या पाण्याने कान आणि पाय ओले करा आणि तसंच पशुवैद्यांकडे न्या.