पुरळ पाहायचे कुणाच्या डोळ्यांनी?

जिल्ह्याच्या गावातली कॅज्युअल्टी. रात्रीचा दीड वाजलेला. तिशीची एक बाई येते. अंगात ताप, डोळे चुरचुरताहेत, ओठांवर खपल्या, छातीवर आणि पाठीवर पुरळ. सोबतचा दीर म्हणतो, ‘‘काल घशासाठी गोळी घेतली, तिचंच झालं बघा, डॉक्टर.’’ पाळीवरचा डॉक्टर पंचविशीचा. त्वचारोग विभागात त्याने काढलेले दिवस मोजकेच, तेही खरूज-नायट्यात गेलेले. त्वचारोगतज्ज्ञ सकाळी येणार. पूर्वी अशा वेळी अ‍ॅलर्जीचे इंजेक्शन टोचून रुग्णाला घरी धाडले जाई. आज डॉक्टर खिशातून मोबाइल काढतो. त्यावर त्याला काय सापडते, यावर त्या बाईचा जीव अवलंबून असू शकतो.

मजकुराला तोटा नाही. न्यूझीलंडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९९६ साली ‘डर्मनेट’ सुरू केले. तातडीच्या वैद्यकातील मंडळींनी अशा खुल्या, मोफत शिक्षणसाहित्याला २०१२ मध्ये ‘फोम’ असे नावही दिले. ते पाखडण्याचे सूपही जुनेच आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९९७ साली चार कसोट्या मांडल्या गेल्या: लेखक कोण, आधार कोणता, हितसंबंध कुणाचे, तारीख कोणती? प्रश्न शहाणपणाचेच; पण चारही उत्तरे चोख असलेले पान रात्री दीड वाजता निरुपयोगी ठरू शकते.

त्या बाईचेच पाहा. हे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम असू शकते. दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९२२ साली दोन मुलांमध्ये वर्णिलेला हा विकार बहुतेक वेळा औषधाने होतो आणि त्यात कातडी भाजल्यासारखी सुटते. कित्येक पाने या इतिहासातच रमतात, मग पेशींच्या मृत्यूकडे वळतात. डॉक्टरला हवे असते ते एकच वाक्य: संशयित औषध आत्ता बंद करा. पण संशयित कोणते? इथेच चांगले पान ओळखू येते. गुन्हेगार औषध बहुधा कालचे नसते. ते सुरू करून चार दिवस ते चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लोटलेला असतो. ताप, घसादुखी, डोळ्यांची आग ही पुरळाच्या एक-दोन दिवस आधीची चाहूल. रुग्ण तिच्यावर गोळी घेतो आणि आळ त्या गोळीवर येतो. फिटवरची कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन, युरिक अ‍ॅसिडवरची अ‍ॅलोप्युरिनॉल, सल्फाची औषधे चालूच राहतात.

दुसरी अडचण चित्रांची. पुरळ ‘लालभडक’ असते, असे पाने सांगतात आणि गोऱ्यापान पाठीचा फोटो दाखवतात. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर तीच लाली जांभळट, तपकिरी, कधी नुसती काळपट दिसते. लंडनमध्ये शिकणाऱ्या मलोन मुकवेन्डे या विद्यार्थ्याने शिक्षकांना सोबत घेऊन २०२० साली काळ्या-सावळ्या त्वचेवरील लक्षणांची पुस्तिका काढली, कारण त्याच्या पाठ्यक्रमात ती चित्रे जवळजवळ नव्हतीच. आपल्या डॉक्टरने मग काय करावे? रंगावर विसंबू नये. तोंडाच्या आत, डोळ्यांत, गुप्तांगाशी पाहावे. कातडी दुखते का विचारावे. बोटाने हलके घासल्यावर ती सरकते का पाहावे. (बोटांसह रुग्णाचा तळहात म्हणजे अंगाचा सुमारे एक टक्का, हा हिशेब कोणत्याही यंत्राशिवाय जमतो.)

आणि तारीख! अँटिबॉडीच्या महागड्या सलाइनने १९९८ साली मोठी आशा जागवली होती. नंतरच्या अभ्यासांत केवळ तिने मृत्यू घटतात असे सिद्ध झाले नाही. जुने पान वाचून तिच्यासाठी नातलगांना दागिने गहाण टाकायला लावणे, हा अज्ञानाचा फार महाग प्रकार झाला.

चांगले पान वाचलेला डॉक्टर त्या दिराला घरी पाठवील. ‘‘दोन महिन्यांत वहिनींनी घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या, काढ्याची बाटलीसुद्धा.’’ तोवर तो सलाइन लावील, कातडीला कमीत कमी हात लावू देईल, नेत्रतज्ज्ञाला निरोप धाडील आणि भाजलेल्यांचा वॉर्ड असलेल्या मोठ्या रुग्णालयाला फोन लावील.