चिठ्ठी एकाची, उत्तर चौघांचं

मंडळी, आपण अहेरीत बसलोय, तेव्हा सुरुवात इथल्याच वर्गापासून करू. आपल्या भागात कुणी मूल घरी माडिया बोलतं, कुणी गोंडी. सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली. पण शाळेत बहुतेकांच्या हातात पुस्तक येतं ते मराठी. मग एखादं मूल मागच्या ओळीत गप्प बसतं. आपण म्हणतो, ‘कच्चं आहे.’ तसं नसतं, बरं का. त्याच्या बोलण्यावाचून वर्गाचं काही अडत नाही, एवढंच.

मग अडेल असं करायचं. 1971 साली अमेरिकेत ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानंच एका वर्गात आली होती आणि त्यांचं पटत नव्हतं. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरॉन्सन यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकेक दिला. प्रत्येकाचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना.

आता हेच चौथीच्या गणितात बघू. खेळाचं नाव ‘बाजार’. चौघांचा गट, चार चिठ्ठ्या. पहिलीत भाव: तांदूळ 45 रुपये किलो, डाळ 120 रुपये किलो. दुसरीत लिहिलंय, तांदूळ 2 किलो घ्या. तिसरीत, डाळ अर्धा किलो. चौथीत, खिशात 200 रुपये. चिठ्ठी दाखवायची नाही, सांगायची. वाचता येत नसेल तर चित्र काढून द्या. आणि सांगायची कोणत्याही भाषेत! गोंडीतलं ‘रंड, मुंड’ आणि तेलुगूतलं ‘रेंडु, मूडु’ जवळजवळ सारखंच आहे. मुलांना ते चटकन कळतं. उरले किती? 50 रुपये.

पण नुसता गट करून भागत नाही. हुशार मूल गणित सोडवतं, बाकीचे माना डोलावतात. रॉबर्ट स्लाविन यांनी अशा प्रयोगांचे अनेक अभ्यास तपासले. त्यांचं म्हणणं असं की, गटाचं यश सगळ्यांचं असावं, आणि ते प्रत्येकाच्या शिकण्यावर ठरावं. दोन्ही असलं तर फायदा ठळक दिसतो.

म्हणून शेवटी 1 ते 4 मधला एक आकडा काढा. ज्याचा आकडा येईल त्यानं एकट्यानं उत्तर कसं आलं ते सांगायचं. गुण मात्र चौघांना. मग बघा, हुशार मूल स्वतःच शेजाऱ्याला समजावायला लागतं, आणि समजावताना त्याचंही पक्कं होतं. शिवाय प्रत्येकाची तुलना त्याच्याच मागच्या गुणांशी करा. दोनावरून पाचावर आलेलं मूलही मग गटाला गुण मिळवून देतं.

एक सांभाळा, गुरुजी. आकडा आला आणि मूल अडखळलं तर हसू देऊ नका. गटाला दोन मिनिटं द्या, ते पुन्हा समजावतील, आणि मग त्याच मुलाला परत विचारा. त्याच्यासाठी थांबायचं असतं, हे वर्गाला तिथंच कळतं.