सायकलवरून शिवारफेरी : बारामती व इंदापूर तालुक्यांतील जुनी स्थळे

हिवाळ्याचे दिवस आले की पुण्याकडील सायकलस्वार आपल्या भागात दिसू लागतात. मोडके देऊळ, बांधावरची वीरगळ, पडक्या गढीचा बुरूज असे काही दिसले की ते उतरतात, न्याहाळतात व पुढे जातात. त्यांच्याकडे पाहून एखादा वडीलधारा शेतकरी आम्हांला विचारतो, "साहेब, या दगडांनी कोणाचे पोट भरते काय?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, दगडांनी एकट्याने पोट भरत नाही. परंतु ते जपले तर गावास चार पैसे मिळू शकतात. शिवाय या मुलखात पाणी कोठे होते व माणूस त्याच्या आधाराने कसा राहिला, हेही ते सांगतात. अवर्षणप्रवण भागातील शेतकऱ्यास हे दुसरे ज्ञान पहिल्याइतकेच मोलाचे आहे.

मोटारीने येणारा पाहुणा गाव मागे टाकून निघून जातो. सायकलस्वाराची गोष्ट वेगळी. तो दिवसाकाठी चाळीस-पन्नास किलोमीटर जातो. त्यास वाटेत पाणी लागते, चहा लागतो, दुपारी भाकरी व सावली लागते, आणि बहुधा रात्रीचा मुक्कामही लागतो. म्हणून त्याचा पैसा थोडा असला तरी तो लहान गावातच खर्च होतो. अशा प्रवाशास सोयीच्या तीन वाटा येथे देत आहोत. तिन्ही वाटा पाण्याच्या काठाने जातात, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

पहिली वाट : कऱ्हेचा काठ

आरंभ सुपे येथून करावा. पुणे व सुपे हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. सुप्याजवळच मयूरेश्वर अभयारण्य आहे. ते आकाराने लहान असले तरी तेथील गवताळ माळावर चिंकारा हरणे पाहावयास मिळतात. गवताचा माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे येथे कोणालाही पटेल.

पुढे मोरगाव लागते. अष्टविनायकांतील मयूरेश्वराचे हे स्थान सर्वांस ठाऊक आहे. परंतु मोरगावची आणखी एक ओळख आहे. येथे कऱ्हेच्या काठी जुन्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर व आदिमानवाची दगडी हत्यारे संशोधकांना मिळाली आहेत. ही राख दूरच्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून आली, असे ते सांगतात.

मोरगावहून मुख्य रस्ता सोडून लोणी भापकर गावी जावे. तेथील मल्लिकार्जुनाचे मंदिर, त्यालगतची बांधीव पुष्करणी आणि अंगावर विष्णूच्या लहान लहान मूर्ती कोरलेला यज्ञवराह अवश्य पाहावा. भैरवनाथाच्या मंदिरापाशी वीरगळही आहेत. पावसाचे पाणी साठविण्यासाठी एवढे कौशल्य खर्च करणारे लोक येथे होऊन गेले, याचा विचार शेततळे खोदणाऱ्या आजच्या शेतकऱ्याने करावा. तेथून बारामतीस मुक्कामाला यावे. कविवर्य मोरोपंत (१७२९-१७९४) यांनी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने याच गावी आपली काव्यरचना केली.

दुसरी वाट : नीरेचा काठ व कालवा

बारामतीच्या आग्नेयेस, कऱ्हा व नीरा यांच्या संगमावर सोनगाव वसलेले आहे. भाविक येथे सोनेश्वराच्या दर्शनास येतात. याच गावी १९६५ साली पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाने उत्खनन केले व सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे अवशेष उजेडात आणले.

त्या काळच्या शेतीची अधिक माहिती आपल्याच जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावी मिळाली. तेथे १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन चालले. तेथील शेतकरी जव पिकवीत, आणि पुराचे पाणी वळविण्यासाठी त्यांनी बांध घालून पाट काढला होता. पुढे वस्ती खालावत गेली व अखेर इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास उठली. हवामान कोरडे होत जाणे हे त्याचे एक प्रमुख कारण असावे, असे संशोधकांनी मानले आहे. पाण्याचा हिशेब चुकला की गावे उठतात, हा धडा आपल्याच जिल्ह्याच्या मातीतून निघाला आहे.

सोनगावहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी व निमगाव केतकी या मार्गाने इंदापूर गाठावे. हा तुकोबारायांच्या पालखीचा मार्ग आहे. आषाढवारीत काटेवाडीस मेंढ्यांचे व बेलवाडीस अश्वाचे रिंगण होते. हा सारा बागाईत पट्टा नीरा डाव्या कालव्याने घडविला. १८७६-७७ च्या दुष्काळात लोकांच्या हातास काम देण्यासाठी या कालव्याचे खोदकाम हाती घेण्यात आले होते. उसाच्या हिरव्या फडाकडे पाहताना त्या दुष्काळी मजुरांचे स्मरण ठेवणे योग्य होईल.

तिसरी वाट : भीमेचा काठ

इंदापूर हे मालोजीराजे भोसले यांच्या मृत्यूचे ठिकाण. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी गढी तेथे आहे. इंदापूरच्या आग्नेयेस, नीरा व भीमा यांच्या संगमावर नीरा नरसिंहपूर हे क्षेत्र आहे. लक्ष्मीनरसिंहाचे मंदिर व घाट पाहण्यासाठी एक दिवस निराळा ठेवावा.

इंदापूरहून वायव्येस पळसदेव व भिगवण ही गावे लागतात. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमेकाठची अनेक गावे जलाशयाखाली गेली. जुने पळसदेवही त्यांत होते. माणसे नव्या ठिकाणी राहावयास गेली. पळसनाथाचे प्राचीन मंदिर मात्र पाण्यातच राहिले. उन्हाळ्यात जलाशय बराच खाली गेला म्हणजे ते उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात धरणाचा साठा मृतसाठ्याच्याही खाली गेला होता. मंदिर पाहण्यासाठी तेव्हा गर्दी होते. परंतु ज्या पाण्यावर हजारो एकर शेती उभी आहे ते आटल्याशिवाय मंदिर दिसत नाही, हे पाहुण्यांस गावकऱ्यांनीच सांगावे. ओसरलेल्या काठावरील गाळ फसवा असतो. माहीतगार मनुष्य बरोबर असल्याशिवाय कोणासही तेथे उतरू देऊ नये. भिगवण व कुंभारगावच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात व त्यांना पाहण्यास येणाऱ्यांमुळे तेथील नावाड्यांना रोजगार मिळतो.

गावाने काय करावे

१) गावाच्या शिवारातील जुने मंदिर, बारव, वीरगळ, सतीशिळा, शिलालेख व गढी यांची यादी करावी. गट क्रमांक, जागेची खूण व छायाचित्र नोंदवावे. शाळेतील मुले हे काम आनंदाने करतात.

२) वीरगळ उचलून पायरीस, मोरीस किंवा बांधास लावू नये. कोरीव दगडावर तैलरंग वा सिमेंट लावू नये. जीर्णोद्धार करण्यापूर्वी राज्याच्या पुरातत्त्व विभागाचा सल्ला घ्यावा.

३) नांगरताना नाणी किंवा अन्य मौल्यवान वस्तू सापडल्यास ती दडवू नये. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे.

४) फळबागेवर फवारणी केली असल्यास रस्त्याच्या बाजूस तशी पाटी लावावी. प्रतीक्षाकाळ संपण्यापूर्वी पाहुण्यास डाळिंब, द्राक्षे वा पेरू तोडून देऊ नयेत.

५) ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्ट्या असल्याची खात्री करावी. गळीत हंगाम व सायकलींचा हंगाम एकच आहे. सायकलस्वारांनीही अंधार पडल्यावर प्रवास करू नये व पुणे-सोलापूर महामार्ग शक्य तेथे टाळावा.

६) पिण्याचे स्वच्छ पाणी, झाकीव शौचालय, सावली व पंक्चर काढण्याची सोय एवढे असले तरी आरंभास पुरेसे आहे. हुरडा, पिठले-भाकरी व घरचे ताक हेच खरे आकर्षण होय.

७) आरंभीच कर्ज काढून खोल्या बांधू नयेत. दोन हंगाम अनुभव घ्यावा. पुढे जाण्याची इच्छा असेल तर राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते.

शेती हा आपला मुख्य व्यवसाय आहे व तोच राहील. पाहुण्यांपासून होणारी प्राप्ती शेळी किंवा चार कोंबड्यांप्रमाणे जोडधंद्याची समजावी. परंतु या प्राप्तीचे भांडवल बाजारात विकत मिळत नाही. पीक बुडाले तर पुढील हंगामात पुन्हा पेरता येते. फुटलेली वीरगळ पुन्हा उगवत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस आमची विनंती आहे की, येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे जुन्या वस्तूंच्या यादीचा विषय ठेवावा. त्यापूर्वी एका रविवारी पहाटे आपणच सायकल काढावी, गावातील दोन वडीलधाऱ्यांकडून खुणा समजून घ्याव्यात आणि आपल्या शिवाराचा एक फेरा करावा. आपल्या बांधावर काय उभे आहे, हे पाहुण्याने सांगण्यापूर्वी आपणांस ठाऊक असावे.