घराखालची पोकळी

सहस्रकुंडचा धबधबा आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिला असेल. तीच पैनगंगा पुढे वणी तालुक्याच्या कडेनं जाऊन वर्धा नदीला मिळते. आपल्या भोकरहून आदिलाबादकडे जाणारा रेल्वेमार्गही ही नदी ओलांडून वणी, माजरीला पोचतो. कापूस, तूर, सोयाबीनचं हे खोरं आपल्यासारखंच. फरक इतकाच, की तिथल्या काळ्या रानाखाली कोळसा आहे.

कोळसा निघतो तोवर गावात रोजगार असतो, दुकानं चालतात. तो संपल्यावर काय उरतं? वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ मध्ये सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. आज ते गाव आपल्याला आनंदवनामुळे माहीत आहे. पण अशी दुसरी ओळख सगळ्याच गावांच्या नशिबी नसते.

२६ ऑगस्ट २०२२. पोळ्याचे दिवस. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर बघता बघता जमिनीत गडप झालं. माणसं तेवढी वाचली. शेजारपाजारची घरंही रिकामी करावी लागली. खाली जुनी भुयारी खाण होती.

अशा खाणीत छत तोलून धरायला कोळशाचेच खांब सोडतात. कोळसा काढून झाल्यावर रिकामी जागा वाळूनं भरायची असते. ती नीट भरली नाही, तर पाणी साचतं, खांब झिजतात आणि कधीतरी वरची जमीन खचते. तोवर वर संसार थाटलेले असतात.

बचत गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं, तेव्हा एकजण म्हणाली, "ताई, आपल्याकडं कुठं हाय खाण?" खाण नसेल, पण तलाव होतो, रस्ता रुंद होतो. घर गेलं की पहिला प्रश्न एकच असतो, कागद कुणाच्या नावाचा? चूल तिची, सारवण तिचं, पै-पै साठवून घातलेले पत्रेही तिचे. मोबदल्याचा चेक मात्र दुसऱ्याच्या नावानं निघतो. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं नाव तर कुठंच नसतं.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावता येतं. आज दुपारी कामं आवरली की डब्यातली घरपट्टीची पावती काढा आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते बघा. तुमचं नसेल, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे अर्ज घेऊन एकटीनं जाऊ नका, चौघी मिळून जा.