दागिना घडवणाऱ्या हातांची नोंद कोणाच्या वहीत?

कोल्हापूर म्हटले की साज, ठुशी आणि गुजरीतली सराफ पेढी आठवते. चांदीचा विषय निघाला की हातकणंगले तालुक्यातील हुपरीचे नाव येते. हुपरी, रेंदाळ, पट्टणकोडोली या पट्ट्यात घडलेले पैंजण देशभरच्या बाजारात जातात. दुकानाच्या काचेआड तो दागिना झगमगतो तेव्हा त्यावर पेढीचे नाव असते. त्याच्या कड्या जोडणाऱ्या, घुंगरू लावणाऱ्या बाईचे नाव कुठेच नसते. कारण ती कारखान्यात नसते, घरात असते. मूल मांडीवर, भात शेगडीवर आणि चांदी हातात, असा तिचा दिवस असतो. आणि जे घरात होते त्याला आपल्या समाजाने कधी काम मानलेच नाही.

दागिना ही आपल्यासाठी नुसती हौसेची वस्तू नाही. जातिव्यवस्थेने कोणी काय घालायचे, हेसुद्धा ठरवून दिले होते. १९२८ साली इंदूर संस्थानातील बलाई समाजावर सवर्णांनी ज्या अटी लादल्या, त्यात बलाई स्त्रियांनी सोन्या-चांदीचे दागिने घालू नयेत ही अट होती. बाबासाहेबांनी ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या ग्रंथात हे उदाहरण मुद्दाम नोंदवले आहे. त्याआधी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या आयाबहिणींना त्यांनी अस्पृश्यतेची खूण सांगणारे जुन्या तऱ्हेचे दागिने टाकून द्या, असे सांगितले होते. ज्यांना दागिना घालायची बंदी होती, त्यांच्याच लेकी आज दागिना घडवून घर चालवतात. ही प्रगतीच आहे. परंतु घडवणारीला घामाचा दाम आणि कायद्याचे संरक्षण मिळते काय, हा आमचा प्रश्न आहे.

या कामात दोन प्रकारच्या भगिनी आहेत आणि त्यांची गल्लत करता कामा नये. पहिली मजुरीवर काम करणारी. तिला चांदी वजन करून दिली जाते, तयार माल वजन करून परत घेतला जातो, मजुरी वजनावर किंवा नगावर ठरते. मालात घट आली तर ती तिच्याच माथी मारली जाते. दुसरी स्वतःचा व्यवसाय करणारी. ती मणी, मोती, तार स्वतः विकत आणते, ठुशी, माळा, कानातले करते आणि बचत गटाच्या प्रदर्शनात किंवा मोबाईलवर फोटो पाठवून विकते. पहिली कामगार आहे, दुसरी उद्योजक आहे. दोघींचे हक्क वेगळे आहेत. घरची माणसे मात्र दोघींनाही एकच शब्द वापरतात : ‘रिकाम्या वेळेत काहीतरी करते.’

हा रिकामा वेळ आहे तरी कुठे? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देते, तर घरकामात हात लावणारा पुरुष ८८ मिनिटे. मुलाबाळांचे, म्हाताऱ्यांचे करणे यात धरलेले नाही. म्हणजे जवळजवळ पाच तास बिनमोल राबून झाल्यावर जो वेळ उरतो, तो ही बाई कड्या जोडण्यात घालते. तो रिकामा नव्हे, झोपेतून कापलेला वेळ आहे.

आता कायद्याकडे येऊ. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दाच्या व्याख्येतच घरी माल नेऊन काम करणारा मजूर धरला होता. मालकाने दिलेला माल घरी बसून घडवला, सजवला, दुरुस्त केला तरी तो कर्मचारीच. किती मालकांनी ते पाळले, हे सांगायला नको. पण कायद्यात शब्द होता आणि त्यावर बोट ठेवून भांडता येत होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि तो कायदा इतिहासजमा झाला. नव्या वेतन संहितेच्या कर्मचारी या व्याख्येत हा घरबसल्या मजूर नावाने उरला नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गृह-आधारित कामगार’ आहे, पण तो असंघटित कामगार म्हणून, योजनांचा लाभार्थी म्हणून. हक्कदार आणि लाभार्थी यांत किती अंतर असते, हे आंबेडकरी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

घरातल्या कामाला कायदा लावताच येत नाही, असे म्हणणाऱ्यांना आम्ही विडी कामगारांकडे बोट दाखवू. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ साली न्यायालयाने कायदा वैध ठरवला. विडी वळणारी कामगार होऊ शकते, तर पैंजण जोडणारी का नाही? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली घरकामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. त्यामागे अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेची मोठी मेहनत होती. पण भारत सरकारने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

सरकार ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेकडे बोट दाखवते. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेतील अठरा व्यवसायांत सोनारकाम आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि नंतर दोन लाखांचे कर्ज आहे. पण अट अशी की कुटुंबातून एकाच व्यक्तीची नोंदणी होईल, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. घरातून एकच नाव जायचे म्हटल्यावर ते कोणाचे जाणार? कष्ट दोघांचे, कारागीर मात्र एकटा नवरा. शिवाय पिढीजात धंद्याचा गौरव करणाऱ्या योजनेकडे आपण डोळे उघडे ठेवूनच पाहिले पाहिजे. बाबासाहेबांनी जातीला श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी म्हटले, ते यासाठीच.

मुलांचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार शाळा सुटल्यावर व सुट्टीत मूल घरच्या धंद्यात मदत करू शकते, फक्त काम धोक्याचे नसावे. झाळकामाचा धूर आणि धुलाईचे तेजाब ज्या खोलीत आहे, तिथे धोका नाही असे कोण म्हणेल? आई कामाला बसली की पोर शेजारी बसते, आधी कड्या मोजते, मग जोडते, मग शाळा बुडवते. ज्या करवीर संस्थानात राजर्षी शाहूंनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तिथे हे घडू देणे शोभत नाही. यात दोष आईचा नाही. पन्नास कामगारांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे आहे. पन्नास घरांत विखुरलेल्या पन्नास आयांना ते नाही. बाबासाहेब १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा आईच्या विश्रांतीचा भार मालकाने आणि सरकारने उचलावा, ही त्यांची भूमिका होती. घरी राबणारी आई त्या भूमिकेतून वगळली जावी, असे आम्हाला वाटत नाही.

आता भगिनींनी करायचे काय? घेतलेला माल, दिलेला माल, वजन, घट, मजुरी आणि तारीख यांची वही ठेवा व त्यावर माल देणाऱ्याची सही घ्या. वादात हीच वही पुरावा ठरते. मजुरीवर काम करणाऱ्यांनी ई-श्रमवर नोंद करावी. स्वतः व्यवसाय करणाऱ्यांनी उद्यम नोंदणी करावी. ती मोफत आहे, एजंटाला पैसे देऊ नका. नोंदणीनंतर दुकानदाराला माल दिला तर २००६ च्या सूक्ष्म-लघुउद्योग कायद्यानुसार ४५ दिवसांच्या आत पैसे देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. थकवले तर चढे व्याज लागते. आणि बँक खाते स्वतःच्या नावाचे ठेवा. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्या लढ्यातून पुढे आलेल्या १९५६ च्या वारसा कायद्याचे कलम १४ आपल्या बौद्ध भगिनींनाही लागू आहे. स्त्रीने स्वतःच्या कौशल्याने व कष्टाने मिळवलेली मालमत्ता पूर्णतः तिच्या मालकीची, असे ते सांगते. ती कमाई नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही.

एकटीने मजुरी वाढवून मागितली की काम शेजारणीकडे जाते, हे आम्ही जाणतो. म्हणून गल्लीतल्या बायकांनी एकच दर सांगितला पाहिजे. २०२५ च्या अखेरीस चांदी किलोला दोन लाखांच्या वर गेली. मजुरी त्या वेगाने वाढली काय, हे एकत्र बसून विचारले पाहिजे. याच हातकणंगले तालुक्यात माणगावला मार्च १९२० मध्ये परिषद भरली आणि शाहू महाराजांनी बाबासाहेबांना आपल्या लोकांचे नेते म्हणून पुढे केले. त्या मातीतील कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीसाठी जसे घरोघर जावे, तसेच मजुरीची वही आणि नोंदणीचा अर्ज घेऊनही जावे. संघटना कारखान्याच्या फाटकावरच बांधावी असे नाही. ती उंबऱ्यावरही बांधता येते.