मेदकचे महामंदिर : नाताळातील एक आडवाटेची यात्रा

नाताळ जवळ येतो आणि सोलापूरकरांना गड्ड्याच्या यात्रेचे वेध लागतात. नंदीध्वजांचा सराव सुरू होतो. परंतु अक्षता-सोहळ्यास अद्याप तीन आठवड्यांचा अवधी असतो. या मोकळ्या दिवसांत देवदर्शनास कोठे जावे, ही चर्चा घरोघरी निघते. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर ही क्षेत्रे तर आपल्या उंबऱ्याशीच आहेत. म्हणून आज आम्ही वाचकांपुढे एक निराळे स्थान ठेवीत आहोत. ते आपल्या धर्माचे नाही. परंतु आपल्याशी त्याचा संबंध नाही, असेही म्हणता येणार नाही.

तेलंगणात, हैदराबादच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवर मेदक हे गाव आहे. तेथील ख्रिस्ती महामंदिर २५ डिसेंबर १९२४ रोजी उपासनेसाठी खुले झाले. ज्या चर्चमध्ये बिशपची गादी असते त्यास 'कॅथेड्रल' म्हणतात. आपल्याकडे मठाधिपतीची गादी ज्या मठात असते त्याचे जे महत्त्व, तेच याचे. दक्षिण भारतातील अनेक प्रॉटेस्टंट पंथ १९४७ मध्ये एकत्र येऊन 'चर्च ऑफ साउथ इंडिया' स्थापन झाले, तेव्हापासून मेदकच्या बिशपची गादी येथे आहे.

वास्तूची रीत 'गॉथिक'. या शिल्पपद्धतीचा उगम बाराव्या शतकात फ्रान्समध्ये झाला. योगायोग असा की, शिवयोगी सिद्धरामेश्वर सोन्नलगीत तळे खोदवीत होते तेही शतक तेच. आपल्या हेमाडपंती देवळात जाड शिळा एकमेकींवर बसवितात. गाभारा काळोखा आणि थंड असतो, आणि त्या काळोखातच मन स्थिर होते. गॉथिक कारागिराची धडपड नेमकी उलट. टोकदार कमानी आणि फासळ्यांसारखे छत यांच्या योगे तो भार खांबांवर व बाहेरच्या टेकूंवर नेतो, भिंत मोकळी करतो आणि त्या मोकळ्या जागी रंगीत काचांच्या उंच खिडक्या बसवितो. पॅरिसचे नोत्र दाम याच रीतीचे. २०१९ च्या आगीत त्याचे छत जळाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले. इतके दूर कशाला, सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईस उतरणाऱ्या प्रत्येकाने १८८८ साली पूर्ण झालेल्या त्या स्थानकाच्या कमानी पाहिल्या आहेतच. गाडी पकडण्याच्या घाईत मान वर करण्यास सवड मिळत नाही, एवढेच.

मेदकचे मंदिर दोनशे फूट लांब व शंभर फूट रुंद असून घंटेचा मनोरा १७५ फूट उंच आहे. सपाट शेतांतून जाताना तो फार दुरून दिसू लागतो, जसे पंढरीच्या वाटेवर कळस दिसावे. आत करड्या दगडाचे भव्य खांब आहेत. फ्रँक सॅलिसबरी या इंग्रज चित्रकाराने आखलेल्या तीन काचचित्रांत येशूचा जन्म, क्रूसावरील मरण आणि स्वर्गारोहण हे प्रसंग आहेत. पैकी स्वर्गारोहणाचे चित्र वेदीच्या मागे आहे. ही चित्रे बाहेरच्या उजेडावर जगतात. सूर्य मावळला की ती विझतात. सबब दर्शन दिवसाउजेडीच घ्यावे.

हे मंदिर उभे कसे राहिले, ही कथा सोलापूरच्या माणसास अधिक जवळची वाटेल. वेस्लियन पंथाचे पाद्री चार्ल्स वॉकर पॉस्नेट १८९५ मध्ये सिकंदराबादेस आले आणि लौकरच मेदकला स्थिरावले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्या मुलखात दुष्काळ पडला. त्यांनी उपाशी लोकांच्या हाताला काम आणि पोटाला अन्न देण्यासाठी बांधकाम काढले; ते दहा वर्षे चालले. तेलुगू भाषेत 'मेतुकु' म्हणजे भाताचे शीत, आणि गावाचे जुने नाव मेतुकुदुर्गम. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी आपल्या जिल्ह्यात खडी फोडली आणि सुकडीसाठी रांगा लावल्या, त्यांना त्या मजुरांची अवस्था वेगळी सांगावयास नको.

भुकेच्या दिवसांत अन्नाबरोबर धर्मही वाटला गेला, असा आक्षेप आपल्याकडे घेतला जातो. तो विचारात घेण्याजोगा आहे. परंतु त्या परिसरात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक माला व मादिगा समाजाचे होते, आणि गावच्या देवळाची पायरी त्यांना वर्ज्य होती, हेही त्याच वेळी ध्यानी घेतले पाहिजे. ही परमुलखाची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याच जिल्ह्यात, पंढरीच्या महाद्वाराबाहेर चोखोबांची समाधी आहे. आणि विठोबाचे दार सर्वांस उघडावे यासाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषणास बसावे लागले. मेदकचे दार तेव्हा बावीस वर्षे उघडे होते. घरातील वडीलधाऱ्यांनी हे मुलांना वाटेतच सांगावे, असे आम्हांस वाटते.

दुसरा धागा आपल्या पूर्व भागातील तेलुगू घरांचा. निजामाच्या तेलुगू मुलखातून हातमाग पाठीशी बांधून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी येथील गिरण्या आणि चादरी नावारूपास आणल्या. त्यांपैकी अनेक घरे आजही लग्नकार्यास त्या बाजूस जातात. त्यांना ही वाट नवी नाही. मुक्काम तेवढा वाढवावा.

सोलापुराहून पहाटे निघावे. हैदराबादच्या महामार्गाने नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद अशी गावे लागतात. नळदुर्गी खंडोबास हात जोडून पुढे जावे. संगारेड्डीहून डावीकडे जोगीपेठमार्गे मेदक गाठता येते. रेल्वेने जाणाऱ्यांनी सिकंदराबादेस उतरून पुढची सोय पाहावी. मेदकला २०२२ मध्ये लोहमार्गही पोहोचला आहे.

खुद्द नाताळच्या दिवशी पहाटेपासून अलोट गर्दी असते. वृद्ध माणसे आणि लहान मुले बरोबर असल्यास एखादा दिवस मागेपुढे करणे बरे. रविवारी सकाळी उपासना चालते. तेव्हा फिरून वास्तू पाहू नये, मागे शांत बसावे. नारळ, हार, नैवेद्य यांची तेथे प्रथा नाही. पाव व द्राक्षरसाचा प्रसाद दीक्षा घेतलेल्यांसाठी असतो. त्या रांगेत केवळ कुतूहलाने उभे राहू नये. बाकी, तेथील मंडळी करतील तसे करावे. हात जोडल्याने कोणाचा धर्म बुडत नाही, आणि न जोडल्यास तेथे कोणी रागावतही नाही.

मेदकहून जवळच एडुपायल येथे वनदुर्गेचे प्राचीन स्थान आहे. बीड जिल्ह्यात उगम पावणारी आपली मांजरा नदी तेथे सात प्रवाहांत विभागते. महाशिवरात्रीस मोठी जत्रा भरते. पावसाळ्यात पूर आला की मंदिरात पाणी शिरते आणि दर्शन बंद होते. डिसेंबरात मात्र घाटावर उतरून स्नान करता येईल इतपत पाणी असते का, हे स्थानिकांस विचारूनच पात्रात पाऊल टाकावे. खडक निसरडे आहेत. सकाळी महामंदिर, दुपारी देवीची ओटी, आणि परतीच्या वाटेवर दुसऱ्या दिवशी जहीराबादनजीक झरासंगमचे केतकी संगमेश्वर, अशी आखणी केल्यास दोन दिवस पुरतात. ओटीचे सामान मात्र घरूनच न्यावे.